कोष्टकास क्रम कोण देतो?

शाळेचा हजेरीपट, दवाखान्याची नोंदवही, ग्रंथालयाची सूची हीं सर्व आतां बहुधा संगणकांत ठेवितात. अशा संग्रहास डेटाबेस म्हणतात. ओळी व स्तंभ यांच्या कोष्टकांत माहिती मांडण्याची उपपत्ति एडगर कॉड यांनीं १९७० सालीं प्रसिद्ध केली. तिच्यांतील एक नियम नवशिक्यास चमत्कारिक वाटतो : कोष्टकांतील ओळींना स्वतःचा असा क्रम नसतो. क्रम हवा असल्यास प्रश्न विचारतांना 'ऑर्डर बाय' हे शब्द घालून तो मागावा लागतो.

परंतु मागितल्यानें योग्य क्रम मिळेलच असें नाहीं. एक उदाहरण घेऊं. दवाखान्याच्या कोष्टकांत रोग्यांची अवस्था 'गंभीर', 'मध्यम' किंवा 'किरकोळ' अशी लिहिली आहे. संगणकास शब्दांचा अर्थ कळत नाहीं. तो अक्षरें पाहतो. 'क' हा 'ग'च्या आधीं. म्हणून ज्याचें बोट खरचटलें तो यादीच्या शिरोभागीं बसेल, व ज्याचा रक्तस्राव थांबत नाहीं तो त्याच्या मागें राहील.

यावर उपाय 'केस' या वाक्यरचनेचा. 'गंभीर' असेल तेव्हां १, 'मध्यम' असेल तेव्हां २, 'किरकोळ' असेल तेव्हां ३ असे अंक द्यावे व त्यांप्रमाणें ओळी लावावयास सांगावें. त्यापुढें आगमनाची वेळ हा दुसरा निकष द्यावा. नाहीं तर एकाच अवस्थेच्या रोग्यांचा आपसांतील क्रम अनिश्चित राहतो. ज्याची अवस्था लिहिलेलीच नाहीं, त्यास विसरूं नये. रिकाम्या नोंदी कांहीं डेटाबेस आरंभीं ठेवितात, तर कांहीं शेवटीं. अशा रोग्यास 'अन्यथा ०' असें सांगून वर आणावें, म्हणजे कोणीतरी त्यास तपासील. हेच अंक अनेक ठिकाणीं लागत असतील, तर त्यांचें लहानसें निराळें कोष्टक करून तें जोडून घेणें सोयीचें.

आमच्या मराठीसही हा प्रश्न सुटलेला नाहीं. युनिकोड या संकेतांत 'ल'चा अंक २३५४, 'ळ'चा २३५५ व 'व'चा २३५७ आहे. आपल्या वर्णमालेंत मात्र 'ळ' हा 'ह'नंतर येतो. केवळ या अंकांवरून शब्द लाविले, तर 'कवच' शब्दाच्या आधीं 'कळप' येईल, व कोशाच्या रीतीनें शोधणाऱ्यास तो जागेवर सांपडणार नाहीं. यासाठीं भाषेप्रमाणें क्रमाचे नियम सांगतात. त्यांस 'कोलेशन' म्हणतात.

विद्यार्थ्यांनीं चैत्रादि बारा महिन्यांचीं नांवें अकारविल्ह्यानें लावून पाहावीं. वर्षाचा आरंभ आश्विनापासून झालेला दिसेल. मग चैत्रास पहिला मान देण्यासाठीं संगणकास काय सांगावें, तें स्वतःच लिहून काढावें, असें आम्ही सुचवितों.