एकच जंतू, जठराचे निरनिराळे कर्करोग

जपानमधल्या कुरे शहरात नाओमी उएमुरा आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी अल्सर, अपचन अशा तक्रारींच्या १५२६ रुग्णांवर सरासरी पावणेआठ वर्षं लक्ष ठेवलं. त्यांतल्या १२४६ जणांच्या जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू होता, २८० जणांच्या नव्हता. २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जंतू असलेल्यांपैकी ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला होता, नसलेल्यांपैकी एकालाही नाही.

मला त्यातला पुढचा तपशील जास्त मोलाचा वाटतो. त्या ३६ पैकी २३ कर्करोग एका जातीचे होते, १३ दुसऱ्या. आपण सरसकट ‘पोटाचा कॅन्सर’ म्हणून मोकळे होतो. पण जंतू मारून नेमकं काय साधेल, हे या जातीवर ठरतं.

पहिल्या जातीची वाट संथ असते. जंतू बहुधा लहानपणीच पोटात शिरतो. युरियापासून अमोनिया तयार करून तो आम्लापासून स्वतःला वाचवतो आणि जठराच्या चिकट अस्तरात मुक्काम ठोकतो. तिथली सूज वर्षानुवर्षं उतरत नाही. हळूहळू आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथी सुकतात, त्यांच्या जागी आतड्यासारख्या पेशी येतात, मग त्या बिघडतात आणि शेवटी कर्करोग होतो. कोलंबियातले पेलायो कोरेआ यांनी हा क्रम मांडला. खारवलेलं अन्न आणि धूम्रपान या बिघाडाला हातभार लावतात. जंतू लवकर मारला, तर ही वाट मध्येच तुटू शकते. ग्रंथी सुकल्यावर मारला, तर धोका कमी होतो, पण संपत नाही.

दुसऱ्या जातीत पेशी सुट्या सुट्या होऊन जठराच्या भिंतीत पसरतात. ठळक गाठ दिसेलच असं नाही, त्यामुळे एंडोस्कोपीतही ती हुकू शकते. जंतूचा हात इथेही असतो, पण आधीच्या पायऱ्या तितक्या स्पष्ट नसतात. काही घराण्यांत तर दोष जनुकातच असतो; न्यूझीलंडच्या माओरी कुटुंबांत तो १९९८ साली सापडला. तिथे अँटिबायोटिकने मूळ धोका टळत नाही.

जठरातला एक लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग, मात्र थक्क करतो. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टरांनी सहा रुग्णांना जंतू मारण्याची औषधं दिली आणि पाच जणांत तो मावळला. कर्करोग, आणि उपचार अँटिबायोटिक! आज सुरुवातीच्या टप्प्यात हाच पहिला उपचार असतो.

भारतात हा जंतू घरोघरी आहे, पण त्या मानाने जठराचा कर्करोग कमी. मिझोराम मात्र याला ठळक अपवाद. जंतू असलेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही, तेव्हा धास्ती घेण्याचं कारण नाही. मला काळजी वाटते ती ॲसिडिटीच्या गोळ्या परस्पर केमिस्टकडून आणून महिनोन् महिने घेण्याची. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारख्या गोळ्या चालू असताना श्वासाची किंवा शौचाची तपासणी केली, तर जंतू असूनही अहवाल ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना विचारून त्या दोन आठवडे आधी थांबवाव्या लागतात. उपचाराचा कोर्स अर्धवट सोडू नये आणि तो संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू गेल्याची खात्री करून घ्यावी. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कर्करोग झाला असेल, तर काही त्रास नसतानाही तपासणीचं डॉक्टरांना विचारावं.