गोदामात मांजर व्याली तर

कापडाच्या धंद्याला दोन शत्रू, ओल आणि उंदीर. ओलीसाठी खाली फळ्या टाकता येतात, गाठी भिंतीपासून हातभर लांब रचता येतात. उंदरावर मात्र जुन्या व्यापाऱ्यांनी एकच इलाज सांगून ठेवला आहे, दुकानात मांजर असू द्यावे. धाराशिव, तुळजापूर, परंडा, उमरगा, कुठेही जा, कापडाच्या नाही तर भुसाराच्या दुकानात एखादी मांजर गल्ल्याशेजारी बसलेली दिसते. ती कोणी विकत आणलेली नसते, तिचा पगार नाही, खाडा नाही. पण हीच मांजर ऐन सीझनमध्ये मालावर व्याली की मालकाची पंचाईत होते. पंचाईत झाल्यावर आपण जे करतो ते बहुधा चुकीचे असते. आम्हीही चुकलो, म्हणून हा विषय व्यापाराच्या पानात घेतला आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रमजान तोंडावर होता, इचलकरंजीचा माल येऊन पडला होता. सकाळी गोदाम उघडले तर सोडलेल्या गाठीवर, मांजरपाटाच्या ताक्यावर, मांजर ४ पिल्ले घेऊन पडलेली. नोकर पोरे हसायला लागली. एकजण म्हणाला, "चाचा, मांजरपाट आहे, तिच्याच नावाचा माल!" आम्हाला मात्र डागाची काळजी. आम्ही पिल्ले उचलून खोक्यात घातली आणि मागच्या ओट्यावर ठेवली. संध्याकाळी गर्दीत कुणाचे लक्ष राहिले नाही. शटर पडले तेव्हा आई आत राहिली आणि पिल्ले बाहेर. दुसऱ्या दिवशी २ पिल्ले गार पडलेली होती. ताका धोब्याकडून स्वच्छ होऊन आला आणि विकलाही गेला. म्हणजे नुकसान टाळण्यासाठी केले, आणि ते नुकसान मुळात नव्हतेच.

त्यानंतर आम्ही गुरांच्या डॉक्टरांना गाठून एकेक गोष्ट विचारून घेतली.

पहिली गोष्ट, पिल्लाला स्वतःची ऊब नसते. जन्मल्यावर पहिले दोन-तीन आठवडे त्याला अंगाची उष्णता राखता येत नाही. ती आईच्या पोटाशी आणि भावंडांच्या ढिगात मिळते. डोळे मिटलेले, कान बंद. अशा पिल्लाला फरशीवर किंवा उघड्या ओट्यावर ठेवले तर भुकेच्या आधी गारठाच त्याला मारतो. मांजर कापडाच्या गाठी का शोधते हे यावरून समजते. अंधार, ऊब, कोरडी जागा आणि माणसांची वर्दळ कमी, हे चारही तिला आपल्या गोदामातच मिळते. व्यायच्या आधी दोन-चार दिवस ती कोपरे हुंगत फिरते, फडताळात शिरते. हाच आपल्याला मिळालेला इशारा. तेव्हाच पुठ्ठ्याचे खोके आडवे करून, आत जुन्या चिंध्या घालून, शांत कोपऱ्यात ठेवले तर बहुतेक वेळा ती ते पत्करते. आमच्याकडे चिंध्यांना काय तोटा!

मांजरीचे दिवस साधारण ६३ ते ६५. एका वेतात ३ ते ५ पिल्ले, पहिलटकरणीला बहुधा कमी. ती स्वतःच वार चाटून काढते, नाळ दातांनी तोडते, वार खाऊन टाकते. हे पाहून पोरे घाबरतात, पण त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पहिल्या दिवसाचे दूध, म्हणजे चीक, पिल्लांना रोगापासून वाचवतो, म्हणून त्या दिवशी तर हात लावूच नये. मांजरीला साधारण ८ सड असतात. दोन-तीन दिवसांत प्रत्येक पिल्लू बहुधा आपला सड ठरवून घेते आणि पुढे तिथेच तोंड लावते. बाजारात ज्याचा त्याचा ओटा ठरलेला असतो, तसेच. पिल्लांना आपण होऊन शी-शूसुद्धा करता येत नाही. आई पोटाखाली चाटते तेव्हा होते, आणि ते चाटून जागा स्वच्छ ठेवणेही तिचेच काम. म्हणूनच आमचा ताका इतका कमी डागाळला होता.

डोळे ७ ते १० दिवसांत उघडू लागतात, कधी आणखी चार दिवस जातात. तिसऱ्या आठवड्यात पिल्ले धडपडत चालतात. चौथ्या आठवड्यापासून आई तोंडात शिकार आणते. आधी मेलेला उंदीर, मग अर्धमेला, मग जिवंत. हा तिचा मदरसा. उंदीर धरणारे मांजर हवे असेल तर पिल्लाला आईजवळ निदान ७-८ आठवडे राहू द्यावे. डोळे उघडताच उचलून नेलेले पिल्लू पुढे नुसते दुधाची वाट बघत बसते, अशी तक्रार आम्ही अनेक दुकानदारांकडून ऐकली आहे.

मांजर पिल्लांना सात घरे दाखवते असे आपल्याकडे बायका म्हणतात. सातचा हिशेब कोणी ठेवला असेल असे वाटत नाही, पण जागा बदलणे खरे आहे. पिल्ले तीन-चार आठवड्यांची झाली, जागा घाण झाली, माणसांनी फार वेळा डोकावले किंवा बोका फिरकू लागला की ती एकेक पिल्लू मानेच्या कातडीला धरून हलवते. तोंडात असताना पिल्लू पाय आखडून निपचित लोंबते. त्याला इजा झालेली नसते. बोका पिल्ले मारतो हेही अगदी खोटे नाही. नेहमी घडत नाही, पण घडते. पिल्ले गेली की मांजर लवकर पुन्हा माजावर येते, हे त्यामागचे एक कारण सांगतात. उलट, एकाच आवारातल्या दोन मांजरी, बहुधा मायलेकी किंवा बहिणी, पिल्ले एकत्र ठेवून आळीपाळीने पाजतात.

आता संख्येचा हिशेब, कारण व्यापाऱ्याला तो आधी सुचतो. मादी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. माज आठवडाभर टिकतो. ती लोळते, रात्रभर ओरडते, शेजारी शिव्या देतात. बोका मिळाला नाही तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा तेच. गाय-म्हशीत बीज आपल्या वेळेला सुटते. मांजरीत ते बहुधा बोक्याशी मिलन झाल्यावरच सुटते, म्हणून फुकट जाणारा माज थोडा. एका माजात अनेक बोके आले तर एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगळे असू शकतात. दिवस मोठा झाला, उजेड १२-१४ तास मिळाला की माज येतो. आपल्याकडे थंड देशांइतका हिवाळ्याचा दिवस लहान होत नाही, त्यात बाजाराचे दिवे रात्री उशिरापर्यंत, म्हणून पिल्ले जवळपास बारा महिने दिसतात. शिवाय पिल्ले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. वर्षात ३ वेत आणि दर वेताला ४ पिल्ले धरली तर १२ झाली. त्यातल्या निम्म्या मादी वर्षाच्या आत स्वतः व्यायला लागतात. बरीच पिल्ले मरतात, हा भाग वेगळा. पण मरतील म्हणून सोडून देणे हा हिशेब आम्हाला पटत नाही.

यावर इलाज एकच, नसबंदी. ४-५ महिन्यांनंतर करता येते. व्यालेल्या मांजरीची मात्र पिल्ले सुटून दूध आटल्यावर करावी. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात आधी विचारावे. शेजारच्या लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करता येईल. नसबंदी झालेली मांजर उंदीर धरायचे सोडते हा गैरसमज आहे.

विषाबद्दल थोडे. गोदामात उंदराची वडी टाकायची आणि मांजरही ठेवायची, हे दोन्ही एकदम चालत नाही. विष खाल्लेला उंदीर सुस्त होतो, मांजर आधी तोच धरते आणि त्याचे विष तिच्याही पोटात जाते. आई गेली की पिल्ले मागोमाग. अशी अनाथ पिल्ले हाती आली तर गाईचे दूध पाजू नये, हगवण लागते. शहरात पिल्लांच्या दुधाची वेगळी पावडर मिळते. घरात कोणी गरोदर असेल तर मांजरीची घाण तिने काढू नये, दुसऱ्याने रोजच्या रोज काढावी. पिल्लांवरची आई चावली किंवा बोचकारली तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन लगेच सरकारी दवाखान्यात जावे.

जाता जाता रंगाची गोष्ट, आम्ही कापडवाले असल्यामुळे. काळा, पांढरा आणि नारिंगी असे तिन्ही रंग असलेली मांजर जवळजवळ नेहमी मादी असते. नारिंगीचा गुण क्ष गुणसूत्रावर असतो. मादीकडे अशी दोन, एकावर नारिंगी आणि दुसऱ्यावर काळा असू शकतो. नराकडे एकच. अंगाच्या एका भागात एक चालते, दुसऱ्यात दुसरे, म्हणून असे ठिपके पडतात. हा बदल नेमका कोणत्या जनुकात आहे ते जपान आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०२५ साली प्रसिद्ध केले.

आमच्या त्या वेतातली वाचलेली दोन पिल्ले अशी तिरंगीच होती. एक शेजारच्या भुसारवाल्याने नेली. दुसरी आमच्याकडे राहिली, तिची नसबंदी करून घेतली, आणि आता गोदामाच्या शटरला खाली टीचभर फट सोडलेली असते.