कुत्र्याची गोचीड आणि घराची भिंत



श्रीगोंदें तालुक्यांतील आमचें काष्टी गांव शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठीं प्रसिद्ध आहे. तेथें गाय घेणारा मनुष्य तिचे दांत पाहतो, खूर पाहतो, कास चाचपतो. परंतु गोठा राखणाऱ्या कुत्र्याचा कान उलटून कोणी पाहिल्याचें मला आठवत नाहीं. आजचा विषय त्या कानांतच दडलेला आहे.

माझ्यापाशीं मोती नांवाचा कुत्रा होता. उन्हाळ्यांत दर रविवारीं त्याच्या अंगावरील गोचिडी वेंचून मी रॉकेलांत टाकीत असें आणि बुधवारपर्यंत पुन्हां तितक्याच होत. आयुष्यभर मुलांना कार्यकारणभाव शिकविणाऱ्या मला, या येतात कोठून, हा प्रश्न सुचला नाहीं. एके दिवशीं मोतीनें भाकरी सोडली. पुढें त्याच्या नाकांतून रक्त आलें. पशुवैद्यांनीं ओठ उचलून दाखविला, तेव्हां हिरड्या पांढऱ्या फटक झाल्या होत्या. फार उशीर झाला होता. मोती गेला.

चूक कोठें झाली, तें आतां सांगतों. बैलावरची गोचीड व कुत्र्यावरची गोचीड एकच, असा आपला समज असतो. बैलाची नेहमींची गोचीड पिल्लू म्हणून एकदां अंगावर चढली कीं वाढ पुरी होईपर्यंत तेथेंच राहते. कुत्र्याची तपकिरी गोचीड मात्र तीन वेळां रक्त पिते आणि तिन्ही वेळां खालीं उतरते. सहा पायांचें पिल्लू रक्त पिऊन उतरतें, भिंतीच्या भेगेंत कात टाकतें व आठ पायांचें होतें. पुन्हां चढतें, पुन्हां उतरतें. अखेर पूर्ण वाढलेली मादी रक्तानें फुगून भेगेंत शिरते, हजारों अंडीं घालते आणि मरते. उपाशी गोचीडही कित्येक महिने वाट पाहूं शकते. म्हणजे मी अंगण झाडीत होतों आणि धान्याचें कोठार मात्र भिंतींत भरलेलें होतें!

गोचीड नुसतें रक्त पीत नाहीं, रक्तांत रोगजंतु सोडते. पॅटन या शास्त्रज्ञानें १९१० सालीं मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तांत असाच एक जंतु पाहून त्याचें वर्णन केलें. ताप, अन्नावरची वासना जाणें, फिकट हिरड्या, गडद लघवी, नाकांतून रक्त, यांपैकीं एकही लक्षण दिसतांच रक्त तपासून घ्यावें. वेळीं उपचार झाल्यास बहुतेक कुत्रे वांचतात.

उपाय दोन ठिकाणीं करावयाचा. अंगावरची गोचीड चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढावी. काडीनें जाळूं नये, बोटांनीं चिरडूं नये. कान, मान, बगला व पायांच्या बोटांमधील जागा रोज पाहावी. गोळी किंवा मानेवर घालावयाचें औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानें व कुत्र्याच्या वजनाप्रमाणें द्यावें. पिकावरची फवारणी कुत्र्यावर करूं नये. कुत्रा अंग चाटतो, तें विष पोटांत जातें. कुत्र्यांच्या कांहीं औषधांतील पर्मेथ्रिन मांजरास प्राणघातक होतें, हेंही ध्यानांत असावें. आणि त्याच वेळीं निजावयाच्या जागेच्या भेगा बुजवाव्या, आंथरूण उकळत्या पाण्यांत धुवावें.

पिसवांचेंही असेंच. त्यांचीं अंडीं आंथरुणांत गळतात, म्हणून तेंच आधीं स्वच्छ करावें. पिसू गिळल्यानें कुत्र्यास पट्टकृमी होतो. खरजेवर जळकें तेल चोपडण्याची चाल वाईट आहे. खरजेचे किडे निरनिराळे असतात. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावरच औषध ठरतें. एक प्रकारची खरूज माणसांसही खाज आणते.

मधमाशी डसल्यास कांटा विलंब न करितां काढावा व गार पाण्याची पट्टी ठेवावी. तोंड सुजलें, श्वास लागला किंवा पुष्कळ माशा डसल्या, तर घरगुती उपायांत वेळ दवडूं नये.

मोतीच्या मागून एक पिल्लू आमच्या दारीं आलें. त्याला आंत घेण्यापूर्वीं मीं भिंतीच्या भेगा चुन्यानें बुजविल्या. श्रोतेहो, आज रात्रीं आपल्या कुत्र्याचा कान उलटून पाहा. आणि मग दिवा घेऊन भिंतही पाहा.