काळ्या रानाखाली काय दडलंय?

कलिंगड घेताना आपण टिचकी मारून पाहतो. न कापता आतला अंदाज येतो. जमिनीच्या पोटाचंही तसंच, फक्त तिथं टिचकी भूकंप मारतो. दूर इंडोनेशियात मोठा धक्का बसला, की त्याच्या लाटा काही मिनिटांत आपल्या पायाखाली पोचतात. आपल्याला कळत नाही, भूकंपमापक यंत्र मात्र टिपतं.

खोलवरून येणाऱ्या लाटा दोन प्रकारच्या. एक वेगानं पुढं येते, दुसरी मागून. वरचं कवच संपून खालचा जड खडक जिथं लागतो, त्या सीमेवर पहिल्या लाटेचा काही भाग दुसरीत बदलतो आणि चार-पाच सेकंद उशिरा वर येतो. या उशिरावरून कवचाची जाडी काढतात. ही सीमा १९०९ साली मोहोरोविचिच या शास्त्रज्ञानं क्रोएशियातल्या एका भूकंपाच्या नोंदींवरून ओळखली.

आपल्या काळ्या रानाखालचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे तसा नवाच! किल्लारीजवळ खोल छिद्र घेतलं, तेव्हा तो ३३८ मीटरवर संपला आणि खाली फार जुना खडक लागला. हाच जुना भूखंड कर्नाटकात धारवाड भागात उघडा आहे. तिथले काही खडक तीनशे कोटी वर्षांहून जुने. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या नोंदींतून दिसलं, की पूर्व धारवाडचं कवच साधारण ३५ किलोमीटर, तर पश्चिमेचं ४० ते ५०. वरून एकसंध, आतून जोडकाम!

जुनं म्हणजे पक्कं, असा समज होता. त्या वेळच्या नकाशात लातूरचा हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सुमारे दहा हजार माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचा भार, यांनीच घात केला. तेव्हा नवं घर बांधताना दारा-खिडक्यांच्या वर चारही भिंतींवरून सलग आरसीसी पट्टा घ्याच.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींना एक सांगणं. संशोधक यंत्रासाठी जागा मागायला आले, तर ‘भूकंप कधी होणार?’ असं विचारू नका. ते यंत्र सांगत नाही. रस्ता, गिरणी आणि पंपापासून लांब, पक्क्या खडकावरची जागा दाखवा. जवळ गुरं बांधू देऊ नका.