मोहवृक्ष : उपजीविका आणि पुनर्निर्मितीचा प्रश्न

मध्य भारतातील पानझडी वनांत मोहाइतके बहुगुणी झाड क्वचितच आढळते. गुजरातच्या पूर्व पट्ट्यापासून मध्य प्रदेश, छत्तीसगड, विदर्भ, झारखंड व ओडिशापर्यंत गोंड, भिल्ल, संथाळ, कोरकू अशा अनेक समाजांच्या अर्थव्यवस्थेत या वृक्षास महत्त्वाचे स्थान आहे. वनजमीन शेतीसाठी साफ करतानाही मोहाचे झाड बहुधा तोडले जात नाही. त्यामुळे ते वनात जसे दिसते, तसेच शेताच्या बांधावरही दिसते.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, झाड जवळजवळ निष्पर्ण असताना, मोह फुलतो. त्याची मांसल, शर्करायुक्त फुले पहाटे गळतात व ती वेचून वाळविली जातात. साठविलेल्या धान्याचा तुटवडा भासू लागतो, त्याच काळात हे उत्पन्न हाती येते. फुले अन्न म्हणून खाल्ली जातात, जनावरांना चारली जातात आणि त्यांपासून मद्यही तयार होते. मद्याच्या या एका उपयोगामुळे मोहफुलांकडे शासनाने दीर्घकाळ अबकारीच्या दृष्टीनेच पाहिले. मुंबई इलाख्यात १८९२ मध्ये खास मोहफुलांवर निर्बंध घालणारा कायदा करण्यात आला होता. महाराष्ट्रात मोहफुलांच्या संकलन व वाहतुकीवरील निर्बंध शिथिल होण्यास २०२१ साल उजाडावे लागले.

पावसाळ्याच्या तोंडावर फळे पिकतात. बियांना विदर्भात टोळंबी, छत्तीसगडमध्ये टोरी, तर मध्य प्रदेशात गुल्ली म्हणतात. त्यांच्यापासून मिळणारे तेल स्वयंपाकास व साबणनिर्मितीस उपयोगी पडते; पेंड खत म्हणून वापरली जाते.

परिसंस्थेतील मोहाचे स्थानही तितकेच महत्त्वाचे आहे. उन्हाळ्यात अन्य खाद्य दुर्मिळ असताना अस्वल, हरिणवर्गीय प्राणी व पक्षी मोहाकडे येतात. पहाटेच्या अंधारात फुले वेचणाऱ्यांची अस्वलाशी गाठ पडते, तीही याच कारणाने. फलाहारी वटवाघळांशी मात्र मोहाचे नाते अधिक घनिष्ठ आहे. फुलांवर येताना ती परागीभवनास साहाय्य करतात आणि फळे दूर नेऊन खाताना बी मातृवृक्षापासून लांब टाकतात. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पाचव्या अनुसूचीत याच वटवाघळांची गणना उपद्रवी प्राण्यांत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच वगळण्यात आली.

एवढा उपयुक्त आणि जपलेला वृक्ष असूनही अनेक ठिकाणी मोहाची झाडे जुनी आहेत, रोपे मात्र विरळ आहेत. याची कारणे बव्हंशी संकलनाच्या पद्धतीतच आहेत. फुले सहज दिसावीत म्हणून झाडाखालील पालापाचोळा जाळला जातो. त्यात लहान रोपे नष्ट होतात आणि आग कधी कधी वनात पसरते. फुलांपाठोपाठ बियाही वेचल्या जातात. मोहाच्या बियांची उगवणक्षमता काही आठवड्यांतच घटते, त्यामुळे जमिनीत साठून राहिलेले बी पुढील वर्षी उगवेल, ही शक्यता उरत नाही. बांधावर उगवलेले रोप नांगर व चराई यांतून सहसा वाचत नाही. बीपासून वाढलेल्या झाडास प्रथम फुले येण्यास साधारणतः आठ ते पंधरा वर्षे लागतात, म्हणून आजची उणीव लगेच जाणवत नाही.

धोरणाचा भर आजवर हक्क व किंमत यांवर राहिला, आणि तो योग्यच होता. १९९६ च्या पेसा कायद्याने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभांकडे सोपविण्याची तरतूद केली. २००६ च्या वनहक्क कायद्याने मालकी, संकलन व विक्रीचा हक्क वननिवासींना दिला. गौण वनोपजासाठी किमान आधारभूत किंमत योजना २०१३-१४ मध्ये आली, तर २०१८ मध्ये छत्तीसगडमधील विजापूर येथून वनधन योजनेचा प्रारंभ झाला. तथापि भाव वाढला की फुलांबरोबर बियांचे संकलनही वाढते, आणि रोपांची काळजी घेण्यास किमतीतून कोणतेही प्रोत्साहन मिळत नाही.

उपाय साधे आहेत. झाडाखाली जाळी पसरून फुले गोळा केल्यास ती स्वच्छ मिळतात, चांगल्या दराने विकली जातात आणि आग लावण्याची गरज उरत नाही. गुजरातमधील गोध्र्याजवळच्या वेजलपूर येथील केंद्रीय उद्यानविद्या प्रयोग केंद्राने 'थार मधु' हे वाण विकसित केले आहे. कलमी झाडे लवकर फुलत असल्याने बांधावरील लागवडीस ती सोयीची ठरतात. वनातील मोहास मात्र कलमांचा उपयोग मर्यादित आहे. तेथील आनुवंशिक विविधता बियांतूनच टिकते. वनहक्क कायद्याचे कलम ५ ग्रामसभांना वन, वन्यजीव व जैवविविधता यांच्या रक्षणाचे अधिकार देते. प्रत्येक हंगामात काही झाडांचे बी न वेचता राखणे आणि उगवलेल्या रोपांभोवती पहिली काही वर्षे चराई व आग रोखणे, हे निर्णय ग्रामसभा याच अधिकारात घेऊ शकते.