नकाशा बरोबर आहे, पण कुणासाठी?

आज घरच्याच विषयावर बोलूया, म्हणजे मिरकरवाडा बंदरावर.

हैदराबादला इनकॉइस नावाची केंद्र सरकारची संस्था आहे, १९९९ पासून. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य उपग्रहावरून बघून मासे कुठे जमण्याची शक्यता आहे, ते हे लोक सांगतात. गरम आणि थंड पाणी जिथे भेटतं तिथे प्लवक वाढतं, त्यामागे छोटे मासे आणि छोट्यांमागे मोठे. एवढंच गणित.

आता शास्त्रज्ञाच्या स्क्रीनवर जे दिसतं तो रंगीत नकाशा. तांडेलाला तो काय कामाचा? त्याला डिझेल जाळून जायचंय. म्हणून सूचना येते ती तक्त्यात: अमुक बंदरापासून कुठली दिशा, किती किलोमीटर, किती खोल, शिवाय अक्षांश-रेखांश. तीही मराठीत.

तुम्ही म्हणाल, फॉरमॅट बदलला, त्यात काय? मीही इंजिनिअर, मलाही आधी तसंच वाटायचं. पण तो रकाना भरायचा म्हटलं की शास्त्रज्ञाला स्वतःला विचारावंच लागतं: अंतर कुणाच्या धक्क्यापासून मोजू? ढगांमुळे उपग्रहाला दिसलंच नाही तर काय लिहू? खोली मीटरमध्ये देऊ, की जुने लोक मोजतात तशी वावात? (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट.) असे प्रश्न भाषणं ऐकून पडत नाहीत. ते रिकामी चौकट समोर आली की पडतात.

डॉ. जयंत नारळीकरांचं पोस्टकार्ड आठवतंय? मुलांनी सही मागितली की ते म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. मला यात भारी डिझाइन दिसतं. मुलाला प्रश्न शोधायला लागतो आणि एवढा मोठा खगोलशास्त्रज्ञ पोस्टकार्डाच्या जागेत मावेल एवढं, दहा वर्षांच्या पोराला कळेल असं लिहायला बसतो.

परत बंदरावर येऊ. इनकॉइसने मच्छीमारांचे अनुभव गोळा करून आपले अंदाज तपासलेत, हे खरंच. पण मला विचाराल तर त्या तक्त्यातच शेवटी एक रकाना हवा: 'गेलो होतो, मिळालं का?' बोट लागल्यावर, जाळं आवरता आवरता एका अंगठ्याने भरता येईल असा.

तुमच्या ओळखीत कुणी खलाशी असेल तर विचारा, तो हा रकाना भरेल का? उत्तर व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो.