दराआधी माप ठरवा

आज बोलूया घराच्या दुरुस्तीबद्दल, म्हणजे ठेकेदाराशी भाव कसा ठरवायचा याबद्दल. मी दिल्लीत राहतो, म्हणून उदाहरणं इथली देतो. तुम्ही पुण्यात असा, इंदूरला किंवा बेळगावला, हिशेब तोच.

आपण घासाघीस करतो ती दराची. माझं म्हणणं, आधी माप विचारा. समजा, खोली १२ बाय १० फूट आणि उंची १० फूट. चारही भिंती मिळून ४४० चौरस फूट झाल्या. त्यात ७ बाय ३ चं दार आणि ४ बाय ४ ची खिडकी, म्हणजे ३७ चौरस फूट. एक रंगारी १८ रुपये फूट सांगतो, पण दार-खिडकी वजा करत नाही. दुसरा १९ सांगतो, वजा करून. पहिल्याचं बिल ७,९२० रुपये, दुसऱ्याचं ७,६५७. स्वस्त वाटला तोच महाग पडला!

मग विचारा, दरात काय काय आलं? नुसती मजुरी की सामानासकट? पुट्टीचे हात किती? फोडलेल्या टाइल्सचा मलबा तिसऱ्या मजल्यावरून खाली कोण नेणार? हे आधी ठरलं नाही, तर शेवटी वेगळे पैसे मागितले जातात.

सामान ठेकेदार आणणार असेल, तरी बाजारभाव स्वतः काढा. विजेच्या सामानासाठी भगीरथ पॅलेस, हार्डवेअरसाठी चावडी बाजार, फर्निचरसाठी कीर्तीनगर. प्लायवूड नुसतं ‘वॉटरप्रूफ’ आहे यावर समाधान मानू नका. मरीन प्लाय ठरला असेल तर आयएसआय खुणेसोबत ‘आयएस ७१०’ छापलेलं बघा.

दिल्लीत आणखी एक भानगड. हिवाळ्यात प्रदूषण वाढलं की ‘ग्रॅप’चे निर्बंध लागतात आणि तोडफोडीची, धुळीची कामं थांबू शकतात. तेवढ्या दिवसांचा खर्च कोणाचा, हेही आधीच बोला.

दर फार ताणू नका. परवडला नाही, तर ठेकेदार पुट्टीचा एक हात कमी करतो किंवा मजुरांच्या रोजंदारीत कापतो. पैसे कामाच्या टप्प्यांनुसार द्या आणि दहा टक्के शेवटच्या तपासणीपर्यंत राखून ठेवा.

माप, सामान, टप्पे आणि तारीख एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. मग दोन-चार रुपयांसाठी खुशाल घासाघीस करा.